पासपोर्ट बघून पियानो ऐकायचा का?

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची मैफल ठरलेली होती. कंडक्टर व्हालेरी गेर्गिएव्ह, पियानोवर देनिस मात्सुएव्ह आणि कार्यक्रम सगळा रशियन संगीतकार रखमानिनॉव्हचा. दोघेही पुतिन यांच्या मर्जीतले. 2014 साली रशियाने क्रिमिया घशात घातल्यावर त्या धोरणाची पाठराखण करणारं जे पत्रक कलावंतांच्या नावाने निघालं, त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. हॉलने दोघांना वगळलं. बर्लिनमध्ये असलेल्या सेओंग-जिन चो या कोरियन पियानोवादकाला फोन गेला, तो मिळेल त्या विमानाने निघाला आणि ठरल्या वेळी रखमानिनॉव्हचा दुसरा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवायला बसला. रशियन संगीत जागच्या जागी राहिलं, वाजवणारा बदलला.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या वाद्यवृंदाने अलेक्झांडर मालोफेयेव्ह या पियानोवादकाचे कार्यक्रम रद्द केले. हा पोरगा तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने कुठल्या पत्रकावर सही केली नव्हती, की कुठल्या सरकारी सोहळ्यात भाषण ठोकलं नव्हतं. उलट, आमच्यापैकी कुणाच्याही हातात नसलेल्या या रक्तरंजित निर्णयाचं ओझं प्रत्येक रशियन माणसाला पुढची कित्येक दशकं वाहावं लागेल, अशा अर्थाचं त्याने जाहीरपणे लिहिलं होतं. तरी रद्द. तो वाजवणार होता प्रोकोफिएव्हचा तिसरा कॉन्चेर्टो. हा प्रोकोफिएव्ह जन्मला सोन्त्सोव्का नावाच्या गावी, आणि ते गाव आहे आजच्या युक्रेनच्या दोनेत्स्क प्रांतात. इतका बारीक विचार करायला त्या आठवड्यात कुणाला सवड नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. कार्नेगी हॉलने केलं ते योग्य होतं आणि मॉन्ट्रियलने केलं ते चूक. या दोन्हींमधला फरक संगीताच्या व्यवसायाला धडपणे मांडता आला नाही. आपल्याला मुंबईतही तो मांडता आलेला नाही, पण त्याकडे नंतर येतो.

अशी चर्चा निघाली की ‘कलेला सरहद्द नसते’ हे वाक्य कुणीतरी टाकतंच. निवेदकाच्या तोंडी शोभणारं वाक्य आहे, पण पियानोवादकाच्या आयुष्याला ते अजिबात लागू होत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतातला हा बहुधा सरहद्दींना सगळ्यात जास्त बांधलेला प्राणी. व्हायोलिनवाला आपलं वाद्य पाठीला मारून विमानात चढतो. पियानोवादकाचं वाद्य परगावी, परक्या हॉलमध्ये उभं असतं. तिथे पोचल्यावर मिळतील तेवढ्या तासांत त्या पट्ट्यांचं वजन, पेडलची खोली, खर्जाचा आवाज समजून घ्यायचा, ट्यूनरशी जमवून घ्यायचं आणि रात्री दोन हजार लोकांसमोर बसायचं. क्रिस्तियान झिमरमनसारखा एखादाच हट्टी स्वतःचा पियानो घेऊन फिरतो. त्यालाही 2001 च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कच्या विमानतळावर मोजावी लागलेली किंमत प्रसिद्ध आहे: पियानोतल्या डिंकाचा वास संशयास्पद वाटला म्हणून अधिकाऱ्यांनी त्याचं वाद्यच नष्ट करून टाकलं. बाकीच्यांना हॉल, वाद्यवृंद, एजंट आणि व्हिसा या चार खांबांवर उभं राहावं लागतं. तारखा दोन-तीन वर्षं आधी लागतात. बिदागी मैफलीगणिक मिळते, वाजवलं नाही तर बहुतेक वेळा हातात काहीच पडत नाही. विशीतल्या कलाकाराची लागोपाठ पाच-सहा आमंत्रणं परत गेली की पुढच्या हंगामाच्या यादीत त्याचं नाव येत नाही, आणि त्यासाठी कुणाला बंदीचा आदेशही काढावा लागत नाही.

शिवाय हे करिअर घडवण्यात सरकारांचा हात पहिल्यापासून आहे. सोव्हिएत काळात कोणी परदेशी जायचं, कुठे वाजवायचं, बिदागीतलं किती स्वतःजवळ ठेवायचं हे सरकारी कचेरी ठरवी. पियानोवादक एमिल गिलेल्स 1955 साली अमेरिकेत गेला आणि तिथे त्याचं कौतुक करणाऱ्यांना सांगू लागला, थांबा, अजून तुम्ही रिख्टर ऐकलेला नाही. पण स्वियातोस्लाव रिख्टरला सोडत कोण होतं? त्याचे वडील जर्मन वंशाचे. 1941 साली सोव्हिएत पोलिसांनीच त्यांना ओदेसात गोळी घातली. आई युद्धात जर्मनीला निघून गेली. असा माणूस पश्चिमेला गेला तर परत येईल कशावरून? अमेरिकेत पाऊल ठेवायला त्याला 1960 साल उजाडावं लागलं, तेव्हा त्याने पंचेचाळिशी गाठली होती. जगातल्या सर्वोत्तम पियानोवादकांपैकी एकाची भर उमेदीची वर्षं जगाने ऐकलीच नाहीत, कारण एका फायलीवर शेरा होता.

उलट्या दिशेनेही हेच. 1958 साली मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा भरली, ती सोव्हिएत संगीतशिक्षणाचा डंका वाजवायला. जिंकला टेक्ससचा तेवीस वर्षांचा व्हॅन क्लायबर्न. अमेरिकन माणसाला पहिलं बक्षीस द्यायचं की नाही हे ख्रुश्चेव्हना विचारावं लागलं, आणि ‘तोच सर्वांत चांगला असेल तर द्या’ असं ते म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. न्यूयॉर्कमध्ये क्लायबर्नची मिरवणूक निघाली, वरून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडला. आदल्या वर्षी सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकने खाली घातलेली मान अमेरिकेला वर काढायची होती, तीही एका पियानोवादकाच्या जिवावर. पुढे आयुष्यभर लोकांनी क्लायबर्नकडे चायकोव्हस्कीचा तोच पहिला कॉन्चेर्टो मागितला. 1978 च्या सुमारास तो मंचावरून दूर झाला आणि नऊ वर्षं फिरकला नाही. त्याच्या वादनाची वाढ खुंटली असं पुष्कळ समीक्षक म्हणत आले. मला त्यात त्याचा दोष कमी दिसतो आणि त्या मिरवणुकीचा जास्त.

तेव्हा संगीत आणि राजकारण वेगळं ठेवा, हा सल्ला उशिरा आलेला आहे. सत्तेशी संबंध प्रत्येकाचाच येतो. पाहायचं ते हे, की त्या संबंधात कलाकाराने स्वतः काय केलं.

या कसोटीसाठी पूर्वीचे दाखले आहेत. आल्फ्रेड कॉर्तो हा शोपाँ वाजवणाऱ्यांतला दैवत मानला जाणारा फ्रेंच पियानोवादक. फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली असताना त्याने जर्मनांच्या कलाने चालणाऱ्या व्हिशी सरकारात पद घेतलं आणि 1942 साली जर्मनीत जाऊन मैफली केल्या. मुक्तीनंतर त्याच्यावर वर्षभराची बंदी आली. ती संपल्यावर 1947 साली तो पॅरिसला वाजवायला आला तर वाद्यवृंदाने साथ द्यायचं नाकारलं आणि श्रोत्यांतून हुर्यो उडाली. वाल्टर गीझेकिंग या जर्मन पियानोवादकाने हिटलरच्या राजवटीत आपला व्यवसाय मजेत चालू ठेवला. 1949 च्या जानेवारीत तो कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला अमेरिकेत उतरला, बाहेर निदर्शनं झाली, इमिग्रेशनवाल्यांनी चौकशीला घेतलं आणि तो न वाजवताच परतला. 1953 साली मात्र त्याच हॉलमध्ये तो वाजवून गेला. या शिक्षा कमी होत्या की जास्त यावर वाद घालता येईल. पण त्या जर्मन किंवा फ्रेंच असण्याबद्दल नव्हत्या, वागण्याबद्दल होत्या, आणि त्यांना मुदत होती. याच युद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना मायरा हेस या पियानोवादिकेने नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली चालवल्या. भिंतींवरची चित्रं सुरक्षित जागी हलवलेली, समोर जेवणाच्या सुट्टीत आलेले कारकून आणि सैनिक. तिथे बाख वाजला, बेथोव्हन वाजला. हे जर्मन संगीत म्हणून कुणी उठून गेलं नाही.

हीच कसोटी मात्सुएव्हला लावली तर उत्तर सोपं आहे. सही त्याची, फायदेही त्याचे. बोरिस बेरेझोव्हस्कीचं तर बोलायलाच नको. 1990 च्या चायकोव्हस्की स्पर्धेचा हा विजेता मार्च 2022 मध्ये रशियन सरकारी वाहिनीवर बसून म्हणाला की कीव्हची दयामाया पुरे, शहराला वेढा घालून वीज का तोडत नाही? त्याच्या युरोपातल्या एजंटने त्याला सोडलं. सोडणारच. ज्या शहराची वीज तोडा म्हणतो त्या शहराच्या मित्रांना तिकीट काढून आपला शूमान ऐकवायचा हक्क कुणाला नसतो.

पासपोर्टच्या कसोटीचं मात्र पुरतं हसं होतं. जग ज्यांना ‘रशियन पियानो’चे तीन खांब मानतं त्यांतला व्लादिमीर होरोविट्झ जन्मला कीव्हमध्ये, गिलेल्स ओदेसात आणि रिख्टर झितोमिरमध्ये. तिन्ही गावं आज युक्रेनमध्ये. दुसऱ्या बाजूला व्हालेंतिना लिसित्सा. जन्म कीव्हचा, आणि ट्विटरवर युक्रेनविरोधी इतकं विखारी लिहिलं की 2015 साली टोरोंटोच्या वाद्यवृंदाने तिचे कार्यक्रम रद्द केले. 2022 साली, उद्ध्वस्त करून ताब्यात घेतलेल्या मारियुपोलमध्ये, ती रशियनांच्या बाजूने पियानो वाजवून आली. जन्मदाखल्यावरून काय ठरवणार?

इथे युक्रेनियन माणसाचा आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तो म्हणतो, आमच्या शहरांवर क्षेपणास्त्रं पडतायत आणि तुमच्या मंचावर एक गोरागोमटा रशियन मुलगा टाळ्या घेतोय. त्याने स्वतः काही केलं नसेल, पण रशिया म्हणजे मुळात सुसंस्कृत देश, हा जो समज तुमच्या मनात आहे तो अशाच मुलांच्या बोटांनी तयार झालाय. याला उत्तर देताना माझी थोडी पंचाईत होते, कारण क्लायबर्नची आणि गिलेल्सची गोष्ट हेच सांगते. सरकारं कलाकारांकडे याच नजरेने बघतात. पण सरकार माणसाकडे झेंडा म्हणून बघतं म्हणून आपणही त्याला झेंडाच समजायचं, हे मला पटत नाही. संस्थेला धडा शिकवता येतो. आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांच्या जागतिक महासंघाने एप्रिल 2022 मध्ये चायकोव्हस्की स्पर्धेलाच सदस्यत्वातून काढलं, कारण ती रशियन सरकारच्या पैशावर आणि सरकारच्याच शोभेसाठी चालते. त्याच महासंघाने सरसकट रशियन तरुणांना दारं बंद करू नका, असंही बजावलं होतं. त्या सगळ्या गोंधळात इतकी नेमकी भूमिका मला दुसरीकडे दिसली नाही. टेक्ससमधल्या क्लायबर्न स्पर्धेने ती पाळली. जून 2022 मध्ये तिथे अठरा वर्षांचा कोरियन युनचान लिम पहिला आला, रशियाची आना गेनियुशेने दुसरी आणि युक्रेनचा द्मित्रो चोनी तिसरा. डब्लिनच्या स्पर्धेने त्याच वर्षी रशियन स्पर्धकांना बाहेर ठेवलं होतं.

आता मधला मार्ग म्हणून जी अट पुढे आली तिच्याबद्दल. व्हँकुव्हरच्या एका संस्थेने मालोफेयेव्हचाच कार्यक्रम रद्द करताना सांगितलं की जो रशियन कलाकार युद्धाविरुद्ध जाहीरपणे बोलायला तयार नसेल त्याला आम्ही मंच देणार नाही. ऐकायला रास्त वाटतं. निषेध करा आणि या, बस.

पण हा निषेध कुणाच्या खर्चाने होणार? 1955 च्या शोपाँ स्पर्धेत तिसरा आलेला चिनी पियानोवादक फू त्सोंग 1958 च्या अखेरीस वॉर्सातून लंडनला निसटला. त्याचं करिअर झालं. मागे शांघायमध्ये त्याचे वडील फू लेई, फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचे नामवंत अनुवादक, ‘फितुराचा बाप’ हा शिक्का घेऊन जगले. 1966 च्या सप्टेंबरात, सांस्कृतिक क्रांतीच्या पोरांनी घरात घुसून छळ केल्यावर, त्यांनी आणि पत्नीने एकाच रात्री आत्महत्या केली. कार्लरॉबर्ट क्राइटेन हा क्लाउदिओ आराउ या पियानोवादकाचा जर्मन शिष्य, सत्तावीस वर्षांचा. हिटलर वेडा आहे आणि युद्ध हरलेलं आहे, असं तो एका ओळखीच्या बाईजवळ खाजगीत बोलला. तिथून चुगली झाली आणि 7 सप्टेंबर 1943 रोजी बर्लिनच्या प्लोत्झेनझे तुरुंगात त्याला फाशी दिली गेली.

जुन्या गोष्टी म्हणाल, तर पावेल कुश्निरची घ्या. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला, रखमानिनॉव्हची सगळी प्रेल्यूड्स ध्वनिमुद्रित केलेला हा पियानोवादक चीनच्या सीमेजवळच्या बिरोबिजान या आडगावी फिलहार्मोनिकमध्ये नोकरीला होता. युट्यूबवर त्याने युद्धाविरुद्ध चार व्हिडिओ टाकले. चॅनेलला वर्गणीदार होते पाच. तेवढ्यावरून मे 2024 मध्ये त्याला उचललं आणि जुलैच्या अखेरीस, अन्नपाणी सोडून केलेल्या उपोषणात, तो कोठडीतच वारला. वय 39. तोवर रशियाबाहेर त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या हॉलवाल्यांनी रशियन कलाकारांकडे निषेधाचे दाखले मागितले त्यांनी या माणसाला कधी आमंत्रण दिलेलं नव्हतं. देण्याचं कारणही नव्हतं, कारण त्याला आंतरराष्ट्रीय करिअरच नव्हतं. येव्गेनी किसिनसारखा तीन-चार दशकं जगभर गाजलेला, पश्चिमेत स्थायिक झालेला वादक युद्धाविरुद्ध खणखणीत बोलला. 2024 साली रशियाने त्याला ‘परकीय हस्तक’ ठरवलं आणि त्याने ते अंगावर घेतलं. त्याला सलाम. पण किसिनला जे परवडतं ते मॉस्कोत आईवडील असलेल्या विशीतल्या पोराला परवडेलच असं व्हँकुव्हरमध्ये बसून कसं ठरवायचं? ज्याने पाप केलं नाही त्याच्याकडून प्रायश्चित्त मागण्यातला हा प्रकार आहे. बोलला तर कौतुक करा. गप्प राहिला तर त्याला वाजवू द्या.

आणि बोलायला लावणारा हा व्यवसाय बोललेलं सहन करतो का? ऑगस्ट 2024 मध्ये मेलबर्नला जेसन गिलहॅम या पियानोवादकाने एका नव्या रचनेपूर्वी सांगितलं की ती गाझात मारल्या गेलेल्या पत्रकारांना अर्पण आहे, आणि त्या हत्यांबद्दल दोन वाक्यं बोलला. मेलबर्नच्या वाद्यवृंदाने त्याचा पुढचा कार्यक्रम काढून घेतला. गदारोळ झाला, मग आमची चूक झाली असंही म्हटलं, मग सुरक्षेचं कारण देऊन मैफलच रद्द केली. गिलहॅम कोर्टात गेला. म्हणजे रशियनाने बोललंच पाहिजे आणि ऑस्ट्रेलियनाने बोलता कामा नये. यातलं तत्त्व मला तरी सापडत नाही. देणगीदार कोण आणि फोन कुणाचा आला, एवढंच काय ते दिसतं.

कलाकाराने स्वतः पाठ फिरवणं ही वेगळी गोष्ट. आंद्राश शिफ या पियानोवादकाने 2011 पासून कित्येक वर्षं आपल्याच देशात, हंगेरीत, वाजवलं नाही. 2025 साली त्याने अमेरिकेचाही दौरा सोडला. त्याच्या मतांशी सहमत असा किंवा नसा, बिदागी त्याची बुडते. स्वतःच्या खिशाला चाट लावून घेणाऱ्याला मी जाब विचारणार नाही.

आता मुंबई. 9 ऑक्टोबर 2015 रोजी षण्मुखानंद सभागृहात पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली गाणार होते, तेही जगजित सिंग यांच्या स्मृतीत. शिवसेनेने विरोध केला, कार्यक्रम बारगळला. पंचाहत्तरीच्या घरातल्या या गवयाने भारताविरुद्ध काय केलं होतं, हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. पासपोर्ट पुरला. ज्या बडे गुलाम अली खाँसाहेबांचे ते शिष्य, त्या खाँसाहेबांना फाळणीनंतर पाकिस्तानात करमेना म्हणून मोरारजी देसाईंच्या मदतीने 1957 साली भारताचं नागरिकत्व मिळालं आणि ते याच मुंबईत राहिले. खाँसाहेबांच्या गळ्यात त्या सहीने काही फरक पडला असेल असं वाटत नाही. आपल्याकडचे पुष्कळ लोक मॉन्ट्रियलच्या निर्णयावर हसले, पाश्चात्त्यांचा ढोंगीपणा म्हणाले. षण्मुखानंदबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे? आणि उलट बाजूनेही विचारतो. गुलाम अलींच्या वेळी ज्यांनी ‘कलेला सरहद्द नसते’ म्हटलं, त्यांनी सीमेपलीकडच्या एखाद्या गायकाने 26/11 नंतर हल्लेखोरांचे गोडवे गायले असते तर त्यालाही गाऊ द्या म्हटलं असतं का? मी म्हटलं नसतं.

आयोजकांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. कुणाला काढायचं असेल तर त्याने केलेलं कृत्य पत्रकात लिहावं, आणि काय केलं म्हणजे पुन्हा बोलावू तेही लिहावं. ‘सध्याची परिस्थिती पाहता’, ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ असली वाक्यं वापरू नयेत. व्हँकुव्हरच्या त्या संस्थेच्या प्रमुख बाईंशी माझं पटत नाही, पण त्यांनी कारण उघड सांगितलं आणि निर्णय आपल्या नावावर घेतला. त्यामुळे त्यांच्याशी भांडता तरी येतं.

हा प्रश्न आपल्या दारातही येईल. मुंबईत नरिमन पॉइंटला असलेल्या एनसीपीए या कलासंस्थेने 2006 साली उभा केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा कझाकस्तानहून आणि जुन्या सोव्हिएत मुलखातून येणाऱ्या वादकांवर बराच अवलंबून आहे, आणि रशियन पाहुण्याला इथे आज कुणी काही विचारत नाही. 2027 साली चायकोव्हस्की स्पर्धा पुन्हा भरायची आहे. तिथे जिंकलेला एखादा वीस वर्षांचा रशियन मुलगा नरिमन पॉइंटला वाजवायला आला तर त्याचं तिकीट मी काढेन आणि युद्धावर त्याचं मत काय हे त्याला विचारणार नाही. युद्धाच्या पत्रकांवर सह्या करणारा त्याचा एखादा परीक्षक आला, तर एनसीपीएला पत्र लिहून कारण विचारेन.